मॉरिशससारख्या छोट्या बेटावर ईस्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) उभं करायचं तर सुरुवात कुठून करायची?

कात्र_बोर्नकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, सध्या मुक्काम मॉरिशस, एबेनच्या सायबरसिटीत एका आयटी कंपनीत नोकरी. इथली मराठी मंडळी काहींना माहीत असतील, १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर जी माणसं भरून आणली त्यात आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गकडचीही बरीच होती, त्यांचे पणतू-खापरपणतू आता घरात क्रेओल (फ्रेंचवरून बनलेली इथली बोली) बोलतात, मराठी शाळेत शिकतात आणि गणपती जोरात करतात (गणेश चतुर्थीला इथे चक्क देशभर सुट्टी असते). तर अशाच एका मंडळाच्या पोरांनी मला पकडलंय. मी कॉलेजात असताना काउंटर स्ट्राइकच्या (टीम करून खेळायचा बंदुकांचा गेम) टूर्नामेंट भरवायचो हे कोणीतरी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून दर रविवारी "अंकल आपण ईस्पोर्ट्स सुरू करूया ना" चालू आहे.

पोरांच्या डोक्यात काय आहे ते आधी सांगतो. नॅशनल टीम पाहिजे, जर्सी पाहिजे, परदेशात जाऊन खेळायचंय, आणि इथे एखादी मोठी इंटरनॅशनल टूर्नामेंट आणायची म्हणजे स्पॉन्सर आपोआप येतील. मला हे सगळं उलट्या टोकाकडून वाटतंय पण नेमकं कुठून धरायचं ते मला पण कळत नाहीये.

अडचणी अशा. अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखाच्या आसपास, म्हणजे नाशिक शहरापेक्षा कमी. त्यातले खेळणारे किती, आणि ते पण पाच गेममध्ये वाटले गेलेले. फुटबॉलवाले वेगळे (इथे प्रीमियर लीगचं वेड इतकं आहे की शनिवारी संध्याकाळी कोणाला फोन करायची सोय नाही), व्हॅलोरंटवाले (तो पण बंदुकांचाच गेम) वेगळे, मोबाइलवाले वेगळे. दुसरं म्हणजे सर्व्हर, ज्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेम चालतो तो, आमच्यापासून लांब. परवा एका पोराच्या मागे उभं राहून बघत होतो. तो भिंतीआड आला, मागे सरकला, त्याच्या स्क्रीनवर तो पूर्ण लपलेला होता आणि मग मेला. समोरच्याच्या स्क्रीनवर तो अजून उघड्यावर होता. पोरगं काही बोललं नाही, नुसतं हेडफोन खाली सरकवून माझ्याकडे बघितलं. आता ह्याला मी काय सांगू की बाबा अजून प्रॅक्टिस कर?

तिसरं, स्पॉन्सर म्हणतात आकडे दाखवा. चौथं, आईवडील. इथे हायर स्कूल सर्टिफिकेट, केंब्रिजचा पेपर असतो तो, त्याचं टेन्शन आपल्या बारावीसारखंच.

कोणी लहान देशात, बेटावर, निदान लहान गावात असं काही उभं राहताना बघितलं असेल तर सांगा. बजेट जवळजवळ शून्य धरा.

---

केबलवाला

दादा, तुमच्या त्या पोराला सांगा की त्याची चूक नव्हती, भौतिकशास्त्राची होती :) मी नेटवर्कमध्ये आहे, पुण्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मॉरिशस ते मुंबई सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरच्या वरच, जाऊन-येऊन झाले नऊ-साडेनऊ हजार, म्हणजे काहीही केलं, कितीही महागाचं कनेक्शन घेतलं, तरी ४५ मिलिसेकंदाच्या खाली पिंग (सिग्नलला जाऊन-येऊन लागणारा वेळ) जाऊच शकत नाही. आणि केबल सरळ रेषेत नसते. तुमच्याकडून भारताकडे येणारी जुनी सेफ केबल, २००२ ची, ती कोचीला वर येते, तिथून मुंबईपर्यंत परत जमिनीवरून. त्यात राउटिंग जर वेडंवाकडं असेल, आणि बेटांच्या बाबतीत ते बऱ्याचदा असतं, तर पॅकेट आधी युरोप फिरून पण येतात आणि मग आकडा कुठच्या कुठे जातो. जोहान्सबर्ग तुम्हाला जवळ आहे, सरळ ३००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तळ ३० मिलिसेकंद. मेटिस केबल २०२१ मध्ये आल्यापासून आणि नंतरच्या टी-थ्री केबलमुळे दक्षिण आफ्रिकेकडचा रस्ता बराच सुधारला असणार. युरोपचा विचार पण करू नका, पॅरिस सरळ रेषेत नऊ हजारांच्या वर, तिथे कागदावरच ९० च्या पुढे आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा.

ह्याचा अर्थ गेम निवडताना पोरांना काय आवडतं हे दुसरं बघायचं, पहिलं बघायचं सर्व्हर कुठे आहे. काउंटर स्ट्राइक आणि डोटा ह्या गेमना दक्षिण आफ्रिकेत सर्व्हर आहेत. ज्याला तुमच्या बाजूला सर्व्हरच नाही त्या शूटरमध्ये तुम्ही आयुष्यभर ५०-१०० मिलिसेकंद मागे राहणार.

पण खरी गंमत ह्याच्या उलट बाजूला आहे. तुमचं अख्खं बेट ६५ किलोमीटर लांब. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन-येऊन एक मिलिसेकंद पण नाही लागत, आणि मॉरिशस टेलिकॉमने २०१८ च्या आसपासच जवळजवळ सगळ्या घरांना फायबर नेलंय, हे पुण्यात बसून मी हेव्याने लिहितोय कारण आमच्या सोसायटीत अजून वायर खाली लोंबकळतायत. ज्या गेमला स्वतःचा सर्व्हर टाकता येतो, काउंटर स्ट्राइकला येतो, तो एबेनमधल्या एखाद्या डेटा सेंटरच्या रॅकवर टाका. त्यावर आतल्या आत खेळलात तर तुमच्याइतकं स्वच्छ कनेक्शन मुंबईतल्या पोरांना पण मिळत नाही. बाहेर खेळायचं तर बेट शाप आहे, आत खेळायचं तर वरदान आहे. तेव्हा आधी आत खेळा.

---

वाशीचा_विन्या

केबलवाले, मस्त लिहिलंत. एक अवांतर, बेट-देशाचा विषय निघालाय म्हणून. ट्विचच्या (गेम लाइव्ह दाखवणारी साइट) पत्त्यात शेवटी जो टीव्ही येतो ना तो टेलिव्हिजनचा नाही, तो पॅसिफिकमधल्या तुवालू ह्या देशाचा डोमेन आहे. अकराएक हजार लोकवस्ती. जगातलं बरंचसं गेम स्ट्रीमिंग त्यांच्या नावाच्या पाटीखाली चालतं, त्याचं भाडं त्यांना मिळतं आणि ते सरकारी उत्पन्नाचा चांगला मोठा भाग आहे. पण वर्षानुवर्षं स्वतः ते लोक सॅटेलाइटच्या इंटरनेटवर, म्हणजे त्यांना स्वतःला ट्विच नीट बघता यायची मारामार. चला, मुद्द्यावर या परत.

---

शंकासूर

मला एक कळत नाही, हे सगळं करायचं कशाला? राग मानू नका. माल्टा बघा. लहान बेट, सरकारने २०१८ ला मोठं धोरण काढलं की आम्ही व्हिडिओ गेम आणि ईस्पोर्ट्सचं केंद्र होणार, २०२२ पासून ईएसएल प्रो लीगचे काही सीझन तिथे झाले पण. जगभरच्या काउंटर स्ट्राइकच्या टीम आल्या, हॉटेलात राहिल्या, खेळल्या, गेल्या. माल्टाची स्वतःची टीम पहिल्या तीसात आली का? आइसलँडमध्ये तर २०२१ ला लीग ऑफ लेजंड्स ह्या गेमची वर्ल्ड्स (विश्वविजेतेपदाची स्पर्धा) झाली, फायनलला चीनच्या ईडीजीने कोरियाच्या डीडब्ल्यूजी कियाला ३-२ हरवलं, त्यात आइसलँडचं काय होतं? हॉल. मोठी टूर्नामेंट आणणं म्हणजे लग्नाचं कार्यालय भाड्याने देणं, नवरानवरी तुमच्या घरचे नसतात.

आणि दुसरं, पैशाचा खेळ. मॉरिशसला घोड्यांच्या शर्यतींचा नाद किती आहे माहितीये ना, पोर्ट लुईचं शांप द मार्स १८१२ पासून चालू आहे. अशा ठिकाणी मुलांच्या मॅचवर बेटिंग यायला किती वेळ लागेल? आपल्याकडे २०२५ ला कायदाच करावा लागला, पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद आणि ईस्पोर्ट्स वेगळं अशी रेघ ओढावी लागली. ही रेघ आधी ओढा मग जर्सी शिवा.

---

रेक्याविकचा_देशस्थ

शंकासूर, आइसलँडचं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं, एरवी मी नुसता वाचतो. मी इथे राहतो, मुलगा दहा वर्षांचा आहे.

वर्ल्ड्सबद्दल तुमचं अर्धं बरोबर. ती स्पर्धा इथे आली त्याला आमची गेमिंगची हुशारी कारण नव्हती, करोनाचे नियम कारण होते. ठरली होती चीनमध्ये, प्रवासाच्या भानगडीमुळे हलवावी लागली, आणि इथे त्याच वर्षी मे महिन्यात लाउगारदाल्सहोल्ल हॉलमध्ये एमएसआय (त्याच गेमची मधल्या सीझनची स्पर्धा) आणि व्हॅलोरंटचं मास्टर्स आधीच पार पडलं होतं म्हणून गेमच्या कंपनीला जागा माहितीची. प्रेक्षक आत नव्हते. शेजारी राहून आम्ही पण सगळ्या जगासारखं स्क्रीनवरच बघितलं. (हा तोच हॉल जिथे १९७२ ला फिशर आणि स्पास्की बुद्धिबळाचं विश्वविजेतेपद खेळले. जग ह्या हॉलमध्ये येतं आणि जातं, ह्याची इथल्या लोकांना सवय आहे.)

पण अर्धं चूक ते असं की आइसलँडमधलं ईस्पोर्ट्स म्हणजे ती स्पर्धा नाहीच. इथे ईस्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना २०१८ ला झाली, त्या सगळ्या झगमगाटाच्या तीन वर्षं आधी. आणि त्यांनी पहिलं काम काय केलं तर नॅशनल टीम नाही काढली. गावोगावचे जे जुने स्पोर्ट्स क्लब आहेत, जिथे पोरं फुटबॉल हँडबॉल खेळतात, त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले तुमच्यात एक विभाग ईस्पोर्ट्सचा काढा. म्हणजे फुटबॉलचा कोच असतो तसा ह्याचा कोच, ठरलेले वार, ठरलेली वेळ, महिन्याची फी. माझा मुलगा जातो तिथे सुरुवातीला सगळ्यांनी मिळून व्यायाम, अंग मोकळं करायचं, मग खेळायचं, मग खेळून झाल्यावर बसून बोलायचं, कोण कोणावर ओरडलं, का ओरडलं. घरी एकटा खोलीत बसून खेळायचा तेव्हा हरला की कीबोर्ड आपटायचा. तिथे आपटला तर बाकीची नऊ पोरं बघतात, त्यामुळे नाही आपटत.

ह्याने आईवडिलांचा प्रश्न आपोआप सुटतो हे महत्त्वाचं. मी माझ्या बायकोला "पोराला गेमिंगला पाठवूया" म्हणालो असतो तर ती हसली असती. पण क्लबचं नाव आहे, कोचचा नंबर आहे, वेळ संपली की घरी येतो, म्हणजे झाला क्लास. आणि आइसलँडची लोकसंख्या पावणेचार-चार लाख, तुमच्या एक तृतीयांश. एवढ्या लहान देशात हे चालतं कारण सगळे एकमेकांना ओळखतात, क्लबचा अध्यक्ष कोणाचा तरी मामा असतोच. मॉरिशसलाही तसंच असणार.

आणि एक, इथे सीसीपी नावाची गेम बनवणारी कंपनी आहे, १९९७ ची, त्यांचा ईव्ह ऑनलाइन २००३ पासून चालू आहे. त्यामुळे सरकारला, बँकेला, शाळेला गेम म्हणजे नोकरी असू शकते हे आधीच माहीत होतं. तुमच्याकडे तसं काही नसेल तर हे समजावायला जास्त वेळ लागेल, ते धरून चाला.

---

रांगडा_गेमर_कोप

सगळं वाचलं, लई भारी. पण दादा म्हणालेत बजेट शून्य, आणि इथं केबल आन् वर्ल्ड्स चाललंय. मी कोल्हापूरला टूर्नामेंटा भरवतो, हॉल भाड्यानं घेऊन, तर जे हातानं केलंय तेवढं सांगतो.

पहिली टूर्नामेंट फुटबॉलची घ्या, प्लेस्टेशनवर. का ते ऐका. एक टीव्ही, एक कन्सोल, दोन कंट्रोलर, इंटरनेट लागतच नाही. सर्व्हर जोहान्सबर्गला असू दे न्हायतर चंद्रावर. तुमच्याकडं फुटबॉलचं येड आहे म्हणताय म्हंजे नियम कोणाला समजावून सांगायला नकोत, आजोबा पण मागं उभं राहून शिव्या देतील. कन्सोल विकत घेऊ नका. ज्यानं कन्सोल आणला त्याला एंट्री फी माफ, टीव्ही आणला त्याला अर्धी. आम्ही असंच केलं आन् लोकं गाडीवर टीव्ही मधी धरून घेऊन आली, त्यातला एक पडला पण ती वेगळी गोष्ट.

टीव्हीला गेम मोड चालू करा, प्रत्येक टीव्हीला, सकाळीच. हे जर केलं न्हाय तर बटण दाबल्यावर माणूस उशिरा लाथ मारतो आन् हरलेला प्रत्येक जण टीव्हीवर बिल फाडतो. मॅच किती मिनिटांची, कुठली टीम चालणार, गेममधले जुने दिग्गज खेळाडू घ्यायचे का न्हाय, हे दारावर कागद चिकटवून लिहा. भांडण सगळं ह्यावरच होतं, खेळावर कधीच न्हाय.

नॉकआउट ठेवू नका!! हे अंडरलाइन करा. पोरगं लांबनं येणार, पहिली मॅच हरणार आन् दहा मिनिटात घरी, ते परत कधी येईल का? दोनदा हरल्यावर बाहेर असं ठेवा किंवा चार-चारचे गट करा, म्हंजे प्रत्येकाला किमान दोन-तीन मॅच मिळतात. वेळ जास्त लागतो, लागू दे.

बक्षीस कमी ठेवा आन् रोख नकोच, शंकासूर म्हणतात ते बेटिंगचं मला पण पटतं. रोख पैसा मोठा झाला की बाहेरगावचे दोन पट्टीचे खेळाडू येतात, पैसे घेऊन जातात, आन् तुमची पोरं पुढच्या वेळी येत नाहीत.

आणखी एक, तुमच्याकडं प्लग कुठले? एक्स्टेंशन बोर्ड हा टूर्नामेंटचा खरा जीव हाय.

---

कात्र_बोर्नकर

@रांगडा_गेमर_कोप हाहा, प्लगचं बरोबर पकडलंत. इथे इंग्रजी तीन चौकोनी पायांचा आणि फ्रेंच दोन गोल पायांचा, दोन्ही चालतात, एकाच खोलीत दोन्ही असतात. प्रत्येकाच्या खिशात अ‍ॅडॉप्टर असतो आणि ऐनवेळी कोणाच्याच नसतो.

@रेक्याविकचा_देशस्थ तुमचं क्लबचं वाचून डोक्यात एकदम उजेड पडला. इथे गावोगावी व्हिलेज हॉल आहेत, सरकारी युथ सेंटर आहेत, सोशल वेल्फेअर सेंटर आहेत, दुपारनंतर बरेचसे रिकामे. आणि मेट्रो झालीये, पोर्ट लुई ते क्युरपीप, एबेनला पण फाटा गेलाय, म्हणजे पोरं स्वतःची स्वतः येऊ शकतात, कोणाच्या बापाला गाडी काढायला नको. अख्ख्या देशातलं कोणीही तासा-दीड तासात एका हॉलमध्ये येऊ शकतं. फक्त रॉड्रिग्ज बेटाची पोरं राहतात, ते साडेपाचशे किलोमीटरवर आहे, विमान नाहीतर बोट पकडावी लागते. पण त्यांना पण २०१९ पासून केबल आहे, ते सर्व्हरवर खेळू शकतील.

शंकासूर, पोरांना तुमचं लग्नाच्या कार्यालयाचं वाक्य वाचून दाखवलं. दोघं हसले, बाकीचे रुसलेत. त्यांचं म्हणणं अंकल, आत-आत खेळून आम्ही वर्ल्डला कसे पोचणार? ह्याला उत्तर माझ्याकडे नाही.

---

केबलवाला

ह्याला उत्तर आहे आणि ते लाहोरमध्ये आहे. २०१९ ला अर्सलान अ‍ॅश नावाचा पाकिस्तानी पोरगा टेक्कन (दोघांनी समोरासमोर खेळायचा मारामारीचा, म्हणजे फायटिंग गेम) खेळायला एव्हो जपान ह्या मोठ्या स्पर्धेला गेला. व्हिसाच्या लफड्यात कसाबसा पोचला, कोणाला नाव माहीत नाही, आणि जिंकून आला. लोक म्हणाले मटका लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य एव्हो पण जिंकला. आणि वर म्हणाला की आमच्याकडे घरी माझ्या तोडीचे अजून आहेत. मग कोरियाचे खेळाडू पाकिस्तानात जाऊन खेळून आले तेव्हा पटलं. ही सगळी पोरं आर्केडमध्ये आणि एका खोलीत खांद्याला खांदा लावून खेळून तयार झालेली, चांगल्या ऑनलाइन सर्व्हरवर नाही.

आणि बेटच पाहिजे असेल तर डॉमिनिकन रिपब्लिक. लोकसंख्या कोटीच्या वर आहे म्हणजे तुमच्यासारखं चिमुकलं नाही, पण श्रीमंत देश नाही आणि गेमिंगच्या नकाशावर पण नव्हता. तिथला मेनाआरडी २०१७ ला स्ट्रीट फायटर ह्या फायटिंग गेमचा कॅपकॉम कप जिंकला, मग २०२३ ला परत जिंकला. त्याच्या मागून त्याच बेटावरची अजून पोरं वर आली.

फायटिंग गेमचं दोन माणसांत काम भागतं, पाच जणांची टीम जमवायला नको. लहान देशात हा फार मोठा मुद्दा आहे, कारण पाचातला एक शिकायला परदेशी गेला की टीम मोडली. आणि एव्होसारख्या स्पर्धेत देशाची निवड वगैरे भानगड नसते, फी भरा, नाव द्या, पहिल्या फेरीपासून खेळा. फेडरेशनची चिठ्ठी लागत नाही.

---

दोघांची_आई

मी गेमर नाही, शाळेत शिकवते, ठाण्याला. मुलाच्या लॅपटॉपवर हा धागा उघडा दिसला म्हणून वाचला आणि राहवलं नाही.

कोणीच मुलींबद्दल एक ओळ लिहिली नाही हे लक्षात आलं का? आमच्या शाळेत गेमिंगचा दिवस ठेवला होता तेव्हा एकही मुलगी आली नाही. नंतर कळलं की वेळ संध्याकाळी सहाची होती आणि जागा तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. पुढच्या वेळी दुपारी, तळमजल्यावर, दारं उघडी, एक बाई शिक्षिका बसलेली असं ठेवलं, तर मुली आल्या आणि छान खेळल्या. खेळ तोच होता. बेटावर एवढे कमी खेळाडू म्हणताय आणि अर्धी लोकसंख्या दाराबाहेर ठेवताय.

दुसरं, परीक्षा. तुमच्या केंब्रिजच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात ना, मग सप्टेंबरपासून काहीही ठेवू नका. एकदा जरी कोणाचे मार्क गेमिंगमुळे कमी झाले असं गावात झालं की संपलं, नंतर तुम्ही कितीही आइसलँड दाखवा.

---

शंकासूर

ताईंचा मुद्दा रास्त. आणि मॉरिशसला चक्रीवादळाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा मोठी टूर्नामेंट मे ते ऑगस्टच्या मधेच बसवा. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईत गाड्या वाहून जाताना सगळ्या जगाने बघितल्या. वॉर्निंगचा क्लास वाढला की हॉल, मेट्रो, सगळं बंद.

फेडरेशनबद्दल केबलवाले म्हणतात तितकं सोपं नाही. देशाचं नाव लावून कुठे जायचं तर कधी ना कधी नोंदणी लागणारच. आधी साधी संस्था रजिस्ट्रार ऑफ असोसिएशन्सकडे नोंदवा, हिशोब ठेवा, क्रीडा खात्याची मान्यता त्यानंतरची गोष्ट. पण जगात ह्या खेळाची एकच अशी शिखर संस्था नाहीये हे पोरांना सांगून ठेवा, दोन-तीन स्वतःला तसं म्हणवतात. खुद्द ऑलिंपिकवाल्यांनी २०२४ ला सौदीबरोबर ईस्पोर्ट्सच्या वेगळ्या ऑलिंपिकची घोषणा केली आणि २०२५ ला दोघांनी करार मोडला. त्या भरवशावर जो देश योजना आखत बसला असेल त्याचं काय झालं असेल? आणि क्रिकेटचा मालक कोणी नाही, पण गेमचा मालक असतो. छोट्या टूर्नामेंटसाठी बहुतेक कंपन्यांचे नियम वेबसाइटवर असतात, बक्षिसाची मर्यादा, स्पॉन्सर कोण चालणार कोण नाही, ते वाचूनच पोस्टर छापा.

---

रांगडा_गेमर_कोप

शंकासूर आज चांगलं बोलायला लागलेत, तब्येत बरी आहे ना 😄

स्पॉन्सरचं राहिलं. मोठ्या कंपनीकडं जाऊ नका सुरुवातीला, मॅनेजर मेल वाचत पण न्हाय. हॉलच्या बाहेर खायला काय मिळतं तिथं जा. साठ पोरं दिवसभर बसणार म्हंजे किती खाणार, त्याचा गल्ला तुमच्यामुळं भरतो, तर तो पाण्याच्या बाटल्या आन् ट्रॉफी देतो. आम्हाला पहिली ट्रॉफी वडापाववाल्यानं दिली होती. आकडे पाहिजेत म्हणतात ना, मग प्रत्येक टूर्नामेंटला नाव, वय, गाव, गेम एवढं वहीत लिहा. वर्षभरानं तीच वही घेऊन कंपनीकडं जा.

---

रेक्याविकचा_देशस्थ

एक सुचवतो. तुमच्याकडे इंडियन ओशन आयलंड गेम्स होतात ना, १९७९ पासून, मॉरिशस, रियुनियन, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस, मायोत आणि मालदीव. २०१९ ला तुमच्याकडेच झाल्या. ईस्पोर्ट्स त्यात घ्या म्हणून अर्ज करायची गरज नाही, पण शेजारी तेच आहेत. जगाशी भिडायच्या आधी रियुनियनशी भिडा. पाऊण तासाचं विमान, आणि ते फ्रान्सचा भाग असल्यामुळे तिथली पोरं फ्रान्सच्या स्पर्धा बघून खेळून वाढलेली असणार. हरलात तरी शिकायला मिळेल, आणि पोरांना "परदेशात खेळलो" पण म्हणता येईल.

---

कात्र_बोर्नकर

मंडळी, अपडेट देतो. पोरांबरोबर बसलो. जर्सीचा विषय त्यांनी स्वतःच पुढे ढकलला, (कारण पैसे कोण देणार ह्यावर सगळे गप्प). व्हिलेज हॉल मिळतोय, जुलैतला एक रविवार, सकाळी नऊ ते चार, दारं उघडी ठेवून. मंडळातल्या दोन मुली बॅरिकेडपासून ब्रॅकेटपर्यंत (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) सगळं सांभाळणार आहेत आणि त्यातली एक म्हणाली मी खेळणार पण आहे, आधीच सांगून ठेवते, भावाला हरवायचंय. खाण्याचं म्हणाल तर कोपऱ्यावरच्या ढोलपुरीवाल्याला विचारलं, तो पाण्याऐवजी सगळ्यांना आलूदा द्यायला तयार आहे, दुधाचं गोड पेय आहे इथलं, फालुद्याचा भाऊ. कंट्रोलरवर सांडलं तर काय ही काळजी आता मला.

आता भांडण एकच उरलंय. रियुनियनच्या एका ग्रुपला मेसेज टाकला होता. ते म्हणतात टेक्कन असेल तर चार जण येतो, फुटबॉल असेल तर नाही. आमच्याकडे टेक्कन खेळणारे मोजून सात-आठ, फुटबॉलवाले पन्नास. एका दिवसात एका हॉलमध्ये दोन्ही बसवायचं का, का रियुनियनवाल्यांना पुढच्या खेपेला बोलवायचं?

---

रांगडा_गेमर_कोप

दोन्ही घ्या. फुटबॉलचे गट सकाळी उरका, टेक्कनला कोपऱ्यात दोन टीव्ही द्या, बारा जणांत ते दोन तासात संपतं. टेक्कनची फायनल मात्र फुटबॉलच्या सेमीफायनलच्या अगदी आधी मोठ्या टीव्हीवर लावा. पन्नास फुटबॉलवाली तिथंच बसलेली असणार, उठून जाणार कुठं, त्यांना बघावंच लागतंय. त्यातनं पाच जरी पुढच्या वेळी टेक्कनला आले तरी बास. आन् आलूदा हॉलच्या बाहेर, आत न्हाय.